पंग्लिमाला आंघोळ कोण घालणार

सेलांतिंग बेटावर पंग्लिमा रिबुतच्या खजिन्यातलं एक नाणंसुद्धा आजवर कुणाच्या हाती लागलेलं नाही, आणि तरी त्या खजिन्यावर बेटातल्या निम्म्या चुली पेटत आल्या आहेत. नवस बोलायला येणाऱ्याला होडी लागते, बोकड लागतो, पाठ टेकायला जागा लागते. खजिना शोधायला येणाऱ्याला हे सगळं लागतंच, वर सल्लाही लागतो, आणि सल्ल्याचं बेटावर बारमाही पीक. रोगायाचा बाप म्हणायचा की खजिना हा माडासारखा आहे, बसल्या जागी उत्पन्न देतो. फक्त त्याच्या मुळाशी काय आहे ते खणून बघायला जाऊ नये.

पंग्लिमा म्हणजे आरमाराचा सेनापती आणि रिबुत म्हणजे वादळ. या वादळाचा व्यवहार मात्र अगदी शिस्तीचा होता. सामुद्रधुनीतून जाणाऱ्या गलबतानं थांबायचं, वाटा द्यायचा आणि पुढं जायचं. जे देत त्यांना पुढच्या बेटापर्यंत सोबत मिळे. जे देत नसत त्यांचं गलबतच पंग्लिमाच्या सोबतीला राही. डचांनी त्याला समुद्री चाचा म्हटलं आणि लिंगा बेटाच्या सुलतानानं जकातदार म्हटलं. फरक इतकाच की सुलतानाकडे त्यातलं काही पोचत होतं. शेवटच्या लढाईच्या आधी पंग्लिमानं सोनं, चिनी भांडी आणि एका डच गलबताची घंटा पुरली आणि आपल्या माणसांना सांगितलं, ‘माझं ते माझ्या पायथ्याशी राहील.’ हे वाक्य बेटावरच्या पोराला कलम्याच्या पाठोपाठ शिकवलं जातं.

थडगी दोन. टेकडीवर, थेट कड्याच्या तोंडाशी, पंग्लिमाचं. त्याच्या उशाच्या शिळेवर पिवळं कापड. खाली किनाऱ्यावर वस्तीच्या कडेला त्याच्या बायकोचं. तिच्या शिळेवर पांढरं. जुनं कापड काढायचं नाही, त्याच्यावरच नवं गुंडाळायचं, ही रीत. काढणं म्हणजे थोरामोठ्याचं धोतर ओढण्यासारखं. पिढ्यान्‌पिढ्या कापड चढत गेल्यामुळे दोन्ही शिळा आता बाळंतिणीनं घट्ट लपेटलेल्या तान्ह्या पोरासारख्या दिसत, गोल आणि गुबगुबीत.

सफर या हिजरी महिन्याच्या शेवटच्या बुधवारी या थडग्यांना लिंबाच्या आणि गुलाबाच्या पाण्यानं आंघोळ घालतात. इथं नियम तोच, जो माणूस मेल्यावर असतो: पुरुषाला पुरुषानं न्हाऊ घालायचं, बाईला बाईनं. जो पंग्लिमाला न्हाऊ घालतो तो राखणदार. नवसाच्या बोकडाचा खांदा त्याचा, बैठकीत पहिला पानाचा विडा त्याचा, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय कुंपणाच्या आत कुदळ जात नाही.

रोगायाचा बाप राखणदार होता. उत्तरेचा वारा सुरू असताना तो गेला. त्याच्या पोटी रोगाया एकटीच. बापाचे गुडघे गेले तेव्हापासून टेकडीचं सगळं तीच बघत होती: कापड आणणं, येणाऱ्यांना सागोची भाकरी आणि मासे खाऊ घालणं, कुणाचा नवस खरा आणि कोण नुसता बोकड खायला आलाय ते ओळखणं. न्हाऊ घालण्यापुरता बाप डोलीत बसून वर जाई. म्हणजे राखणदारीतलं कष्टाचं सगळं हिच्याकडे होतं आणि मानाचं तेवढं बाकी होतं. ते आपल्याला मिळावं असं तिला वाटे, आणि असं वाटण्यात काही गैर आहे असं तिला कधी वाटलं नाही.

पण नियमानं राखणदारी चुलतभावाकडे, ताहारकडे जात होती. ताहार वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त दुसऱ्याच्या पैशानं मोठं होण्याची घाई होती. दोन वर्षांपूर्वी त्यानं किनाऱ्यावर, वाडवडिलांच्या खांबांवरच्या लाकडी घराच्या जागी, सिमेंटचं घर बांधलं, गुळगुळीत निळ्या फरशीचं. ते बांधताना पंग्लिमाच्या बायकोच्या थडग्याचा पायथा त्याच्या पायरीखाली गेला. गावचा मुखिया तोक पंगुलू तेव्हा बघायला आला, ताहारच्या बायकोच्या हातची मासळीची आमटी दोनदा मागून घेतली आणि म्हणाला की पायरीच आहे, भिंत थोडीच आहे.

आता सफरच्या तोंडावर ताहारनं तांजुंग पिनांग बंदरातून तौके बून सेंगला आणलं. तौके म्हणजे शेठ. सुकी मासळी, जाळी, डिझेल अशा सगळ्यात त्याचा हात. त्याला म्हणे तीन वेळा स्वप्न पडलं होतं: टेकडी, पिवळं कापड आणि घंटेचा आवाज. ताहारनं ठरवून टाकलं. बुधवारी आपण राखणदार होणार, गुरुवारी कुदळ लागणार, निघेल त्यात तिसरा हिस्सा आपला. गावात त्यानं हे कुणाला सांगितलं नाही, म्हणजे ज्याला त्याला एकेकट्याला गाठून सांगितलं.

रोगाया त्याच्याकडे गेली. तिनं शांतपणे सांगितलं की टेकडीवर थडग्याच्या पायथ्याकडे जमीनच उरलेली नाही, पुढं कडा आहे. माणूसभर खणलं तरी शिळा, हाडं, कुंपण सगळं खाली समुद्रात जाईल. मग राखायला काय राहणार आणि राखणदार कशाचा? ताहार कॉफी पीत होता. बशीत ओतलेली कॉफी संपेपर्यंत त्यानं ऐकून घेतलं.

“काक,” तो म्हणाला. रोगाया वयानं मोठी, म्हणून तो तिला बहिणीच्या मानानं काक म्हणे, मान तेवढाच. “तू खाली पंग्लिमाच्या बायकोचं बघ. बायकांचं बायकांनी. वरचं पुरुषांचं आहे, त्यात तू डोकं घालू नकोस.”

रोगाया निमूट उठून आली. निमूट म्हणजे हरून नव्हे. पंगुलूकडे गेली, त्यानं नियम सांगितला. इमामाकडे गेली, त्यानंही तोच नियम सांगितला, फक्त जास्त गोड आवाजात. दोघांच्याही घरी तौकेनं पाठवलेले खुसखुशीत बिस्किटांचे डबे होते. तिनं त्यातलं एक खाल्लं आणि बिस्किट चांगलं आहे म्हणून सांगितलं.

बुधवार उजाडला. गाव टेकडीवर गोळा झालं. तौके बून सेंग पांढऱ्या सदऱ्यात, हातात उदबत्त्यांचा जुडगा आणि मागच्या गड्याच्या खांद्यावर पिवळ्या रेशमाचा अख्खा तागा. मोठ्या जागी जाताना त्यानं तीन दिवस डुकराचं मांस वर्ज्य केलं होतं आणि हे तो होडीतून उतरल्यापासून भेटेल त्याला सांगत होता. रोगायाला तो आवडला. पैशाचा माणूस होता, पण रीत पाळत होता.

घोटाळा ताहारच्या थाटामुळे झाला. नवं रेशीम एवढं झळझळीत आणि खालचं कापड विटकं, बुरशी आलेलं, कोपऱ्यावर मुंग्यांचं घर. तौकेनं नुसतं बघितलं. ताहारला तेवढ्यानं लाज वाटली. तो म्हणाला की आता राखणदारी नवी, तर सगळंच नवं होऊ दे, जुनं काढून टाकू. पंगुलूनं घसा खाकरला. म्हाताऱ्या दोन बायकांनी तोंडावर ओढणी घेतली. पण राखणदार म्हणून पहिलंच बोलणं, ते कोण मोडणार? रोगायानंही मोडलं नाही. तिच्या मनात इतकंच आलं की बापानं असं केलं नसतं. आणि बापाच्या जागी हा किती शोभतो ते गावानं आज बघावं.

कापड निघू लागलं. पिवळं, त्याखाली फिकट पिवळं, मग मातकट, मग नुसत्या चिंध्या. ताहार एकेक फेर सोडत होता आणि शिळा बारीक होत चालली होती. बारीक एका बाजूनं. दुसऱ्या बाजूनं ती रुंदच राहिली. शेवटची चिंधी गळून पडली तेव्हा समोर फळीसारखी चपटी शिळा उभी होती. वर दोन कोरीव खांदे आणि मधे कळी.

या मुलखात चालायला लागलेल्या पोरालाही कळतं: थडग्यावर गोल शिळा असली की पुरुष, चपटी असली की बाई.

ताहारच्या हातात चिंधी तशीच राहिली. मग तो हसला आणि म्हणाला की तेव्हा लढाई चालू होती, पाथरवटाला मिळेल तो दगड लावला असेल. दोघा-तिघांनी मान डोलावली. त्यांना बोकडाची घाई होती. पंगुलू म्हणाला, चला, पाणी आणा.

रोगाया पुढं झाली. खालच्या शिळेत काय आहे ते तिला माहीत नव्हतं. तिथंही चपटी निघाली तर हा सगळा पाथरवटाचाच दोष ठरणार होता, आणि उद्या कुदळ लागणार होती. पण आज गप्प बसलं तरी उद्या कुदळ लागणारच होती. मग न बघून वाचणार काय?

“तोक,” ती पंगुलूला म्हणाली, “पाणी कुणी घालायचं ते आधी ठरू दे. खालची पण सोडून बघू. ती चपटी निघाली तर मी स्वतः ताहारच्या हातात तांब्या देईन.”

गाव खाली उतरलं. उतरताना सगळे कधी नव्हे इतके भरभर चालत होते. पांढरं कापड रोगायानं आपल्या हातानं सोडलं. तिथं हात लावायचा हक्क बाईचाच होता. थर इथंही पुष्कळ होते. शेवटच्या फेऱ्याला तिच्या बोटांना आतला दगड लागला, आणि तिची बोटं त्याच्याभोवती सरळ फिरून आली. आठ पैलूंची गोल शिळा, उखळातल्या मुसळासारखी जाड.

मागून कुठूनतरी एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, “अगं बाई, म्हणजे मी इतकी वर्षं परक्या पुरुषाला न्हाऊ घालत होते.”

“आणि आमचे हे वर परक्या बाईच्या आंघोळीला हातभार लावायचे,” दुसरी म्हणाली. “घरी येऊन तोंड वर करून जेवायचे.”

हशा पिकला. इमाम समुद्राकडे बघू लागला. फक्त तौके बून सेंग हसला नव्हता. त्यानं उशाच्या शिळेपासून नजर सरळ रेषेत नेली, जशी मासळीच्या ढिगावरून नेतो तशी. उशी, मग थडग्याचा ओटा, मग पायथा. पायथा पायरीखाली. पायरीच्या पुढं उंबरा आणि उंबऱ्याच्या आत निळी फरशी.

त्यानं अगदी मऊ आवाजात विचारलं की पंग्लिमा पुरुष, गोल शिळा पुरुषाची, म्हणजे पंग्लिमा इथं आहे, बरोबर ना? आणि खजिना पायथ्याशी, हेही बरोबर? मग त्यानं आपल्या गड्यांना हाक मारली. पहारी होडीत होत्या, त्या आणायला सांगितल्या. फरशीची भरपाई देऊ, असंही सांगितलं. माणूस व्यवहाराला चोख होता.

ताहारचा चेहरा फरशीसारखा झाला. तो पायरीवर चढून दारात आडवा उभा राहिला. आणि मग त्या माणसाच्या तोंडून असं काही निघू लागलं की सेलांतिंगनं तसं भाषण पूर्वी ऐकलं नव्हतं.

कोण म्हणतं पंग्लिमा पुरुष होता? त्यानं विचारलं. कुणी बघितलाय? रिबुत हे काय पुरुषाचं नाव आहे? वादळाला मिशा असतात? डचांशी बोलणी करताना पंग्लिमा नेहमी पडद्याआडून बोलायचा, हे आपल्या आजोबांनी सांगितलंय की नाही? ते का? लढाईत तोंडाला फडकं बांधलेलं असायचं, ते का? पंग्लिमाची ‘बायको’ बंदरावर कधी कुणाला दिसली नाही, कारण बायको नव्हतीच, नवरा होता, आणि तो घर सांभाळत होता. मोठं थडगं कुणाचं? टेकडीवर कोण? पिवळं कापड कुणाला? ज्याचा हुकूम चालायचा त्यालाच ना? शिळा खोटं बोलत नाही. पंग्लिमा बाई होती, आणि या बेटाची सगळ्यात मोठी बाई होती. हा इथं खाली पडलाय तो तिचा गरीब बिचारा नवरा. त्याच्या पायथ्याशी काय असणार, फार तर जुन्या वहाणा.

रोगाया ऐकत होती. पहिल्या वाक्याला तिला राग आला, दुसऱ्याला आश्चर्य वाटलं आणि तिसऱ्यापासून ती ताहारच्या बाजूनं मान डोलवू लागली. तो थांबला तेव्हा तिनं त्याला पाणी दिलं.

“ताहार, फार छान बोललास,” ती म्हणाली. “तोकचे कान हल्ली कमी झालेत. पंग्लिमा कोण होती, ते एकदा त्यांच्याकडे तोंड करून सांग.”

ताहारनं पंगुलूकडे तोंड करून सांगितलं. बाई होती.

“इमामसाहेब त्या बाजूला होते, त्यांनाही.”

इमामालाही सांगितलं. आता गावानंही हुंकार भरला. ज्यांना ताहारचं घर वाचावं असं वाटत होतं त्यांनी भरला, आणि बायकांनी तर त्याच्याआधीच भरला होता. बघता बघता एकीला आठवलं की तिची पणजी पंग्लिमाला ‘आमची थोरली’ म्हणायची.

रोगायानं मग गुलाबपाण्याचा तांब्या उचलला. उचलला आणि तो कुणाला देऊ, असं विचारल्यासारखी उभी राहिली.

“बाईला कोण न्हाऊ घालणार, तोक?”

मासळीच्या आमटीपासून बिस्किटांपर्यंत जे जे पोटात गेलं होतं ते सगळं एकदम आठवल्यासारखा पंगुलू उभा होता. इमामाकडे त्यानं बघितलं. इमाम म्हणाला की यात विचारायचं काय, मेलेली झाली तरी बाई ती बाईच, परपुरुषाचा हात लागणं बरं नाही. जे झालं ते अजाणता झालं, अल्ला माफ करेल, पण जाणूनबुजून आता नको. ताहारनं तोंड उघडलं. तो काही बोलणार होता, पण त्याच्या मागं, दाराच्या आत, त्याची बायको सालमाह निळ्या फरशीवर अनवाणी उभी होती. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा गड्यांच्या पहारींकडे, आणि तोंड मिटलं.

गाव पुन्हा टेकडी चढलं. रोगायानं तांब्या कलंडला. उघड्या दगडावर पाणी पहिल्यांदाच पडत होतं. दगड पावसाळी समुद्राच्या रंगाचा झाला आणि कोरलेली कळी उठून दिसली. तिनं लिंबू चोळलं, पाठीकडून, मग दोन्ही खांद्यांवरून, जसं घरातल्या वडीलधारीला चोळतात तसं. बायका दाटीनं भोवती उभ्या राहिल्या आणि पुरुष कुंपणाबाहेर पाठ करून. अशी पाठ करून उभं राहायची सवय नसल्यामुळे त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

तौके बून सेंग कुंपणाशी थांबला होता. सगळं आटोपल्यावर तो रोगायापाशी आला. त्याचा हिशेब पक्का होता: पंग्लिमा बाई, ती टेकडीवर, म्हणजे खजिना टेकडीवरच्याच पायथ्याशी. स्वप्नात टेकडीच दिसली होती. राखणदार आता तुम्ही. तर तुमचा हिस्सा सांगा.

रोगाया त्याला कड्यापर्यंत घेऊन गेली. खाली लाटा खडकावर फुटत होत्या आणि पायथ्याच्या शिळेच्या पुढं झुडपांच्या मुळांनी धरून ठेवलेली वीतभर माती होती.

“तौके, तुम्ही दर वर्षी आईबापाचं थडगं झाडायला जाता ना?”

तौके म्हणाला, जातो. कामधंदा सोडून जातो.

“उद्या मी पहार घेऊन तुमच्या आईच्या पायाशी आले, तिसरा हिस्सा देते म्हणाले, तर तुम्ही मला किती खणू द्याल?”

तौकेनं खाली बघितलं, मग मातीकडे, मग तिच्याकडे. मग तो मोकळेपणी हसला. बाजारात आपल्यापेक्षा चांगला भाव करणारा भेटला की व्यापारी हसतो तसा. त्यानं उदबत्त्या पेटवल्या, तीनदा वाकला आणि रेशमाचा तागा तिच्या हातात दिला. बाईच्या अंगावर चांगलं कापड असलेलं बरं, म्हणाला. बायकोला बरं नसतं, पुढच्या वर्षी तिच्यासाठी नवस करायला येईन. बोकड इथं घेऊ की तिकडून आणू? रोगाया म्हणाली, इथं घ्या, तिकडचे बोकड होडीत ओकतात.

तिनं रेशीम त्या दिवशी गुंडाळलं नाही. एका अंगानं फक्त खांद्यावरून टाकलं, ओढणी टाकतात तसं, म्हणजे शिळा दिसत राहील.

पंग्लिमा खरोखर बाई होती की गुंडाळणाऱ्या कुणा पणजोबानं कापडांची अदलाबदल केली होती, यावर बेटावर अजून वाद आहे, आणि तो मिटू नये अशी रोगायाची इच्छा आहे. बघायला येणारे वाढले आहेत. बायका जास्त येतात, आणि बायका नवस फेडतात.

ताहारला तिनं वाऱ्यावर सोडलं नाही. खालचं थडगं आता पुरुषाचं ठरलं, तेव्हा त्याची राखणदारी नियमानं ताहारकडे आली. भर बैठकीत तिनं स्वतः ते सुचवलं आणि दुसरा विडा त्याला दिला. लहान मान, पण मान. त्यानं तो आंबट तोंडानं घेतला.

महिनाभरानं सालमाह टेकडीवर आली. नवस नव्हता, तक्रार होती. नवरा म्हणतो माहेरी जा, चार दिवस राहून ये. गेल्या आठवड्यात जाऊन आले तर पुन्हा जा म्हणतो. भरदुपारी दार लावून आत बसतो. पलंग सरकवलाय. आणि घरामागं वाळूचा ढीग झालाय, तो कुठून आला विचारलं तर म्हणतो, मोरीचं काम काढलंय.

रोगाया तिच्याबरोबर खाली गेली. ढीग चांगला छातीएवढा होता. वाळू स्वच्छ, टपोरी, खोलवरची. ताहार घामानं निथळत दारात आला. तिला बघून त्याचे हात आपोआप पाठीमागं गेले.

“मोरी खोल जाते वाटतं,” रोगाया म्हणाली.

ताहार म्हणाला की पाणी तुंबतं.

तिनं आत डोकावलंही नाही. ती म्हणाली की खाली राखणदार तो आहे, आत कुदळ लावायची की नाही हे त्यानंच ठरवायचं, तिचा त्यात काही संबंध नाही. फक्त पायरीखालचा दगड सांभाळ, आणि घराच्या भिंतीपासून हातभर लांब राहा, सालमाहला आत झोपायचं असतं. आणि ही वाळू टाकू नकोस. टेकडीची वाट पावसानं धुपलीये, म्हाताऱ्या बायका घसरतात.

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका टोपल्या घेऊन त्याच्या घरामागं येऊ लागल्या. ताहार आतून दार लावून घेई. त्या ढीग उपसून नेत. संध्याकाळपर्यंत ढीग पुन्हा तेवढाच. रमजान लागेपर्यंत टेकडीची अर्धी वाट झाली होती. उरलेल्या अर्ध्या वाटेची रोगायाला काळजी नव्हती.